दुपारचा पाऊण तास: बडोद्यातल्या एका डब्यांच्या घरात चार्जर कसे निवडले

पार्श्वभूमी

डांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात, तळमजल्यावर, एक मराठी कुटुंब पोळीभाजीचे डबे करतं. नावं देत नाही. घरच्या कर्त्या बाईंना मी वहिनी म्हणतो, त्या मला भावजी म्हणतात. त्यांचे यजमान माझ्या थोरल्या भावाचे मित्र, म्हणून त्यांना मी दादा म्हणतो. माझा धंदा इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचा, त्यामुळे या घरात काही बंद पडलं की पहिला फोन मला येतो.

रोज साठ-पासष्ट डबे जातात. फतेहगंज-प्रतापगंजकडे राहणारे विद्यार्थी, सयाजीगंजातली दोन-तीन ऑफिसं आणि मुलं परदेशी गेलेली काही म्हातारी जोडपी. डबे पोचवायला दोन मुलं आहेत, दोघंही गुजराती घरांतली, पण वहिनींशी मोडकंतोडकं मराठी बोलतात. पत्ता, निरोप, पैसे, 'आज भात नको' हे सगळं फोनवर चालतं. फोन बंद पडला की डबा जिन्यात थांबतो.

घरातली उपकरणं अशी होती. वहिनींचा सॅमसंग गॅलक्सी ए-५४. दादांचा वनप्लस, त्याच्या खोक्यात ६७ वॅटचा चार्जर आला होता. एका मुलाकडे गॅलक्सी एम-३४, दुसऱ्याकडे रेडमी. लेक आर्किटेक्चरला आहे, तिच्याकडे आयफोन १३ आणि दहाव्या पिढीचा आयपॅड. हिशेबाला ओट्याशेजारी गॅलक्सी टॅब ए-९ प्लस, आणि डब्यावर नावाची चिठ्ठी छापायला तळहाताएवढा ब्लूटूथ प्रिंटर. आठ वस्तू, आणि त्यांच्यासाठी भिंतीवरचं एकच बोर्ड. त्यात मल्टिप्लग, मल्टिप्लगमध्ये दुसरा मल्टिप्लग.

अडचण

मे महिन्यात वहिनींचा फोन आला. "भावजी, संध्याकाळी आठ वाजले की दोन्ही पोरांचे फोन मान टाकतात. परवा एका आजींचा डबा साडेनवाला पोचला. त्यांना साखरेच्या गोळीआधी जेवावं लागतं हो."

मुलं सकाळी अकराला निघतात, दोनच्या सुमारास परत येतात, पावणेतीनपर्यंत जेवतात आणि जातात. एकाचं कॉलेज, दुसऱ्याचं दुकान. संध्याकाळी सहाला येऊन लगेच दुसरी फेरी. म्हणजे फोन भरायला दुपारी पाऊण तास मिळतो, बस. त्या पाऊण तासात सगळेच फोन लावायची घाई असते. एका मुलाने रोजचं एकच वाक्य धरलं होतं, "काकी, चार्ज थतुं नथी."

वरून एक दिवस मल्टिप्लग वितळला. काळा डाग, जळका वास. काकूंनी, म्हणजे दादांच्या आईंनी, त्या दिवसापासून 'ते फास्ट चार्जर घरात नकोत' असं ठरवून टाकलं. त्यांच्या भीतीला मी हसलो नाही. जुन्या वाड्यात तुळया लाकडाच्या असतात.

पहिली खरेदी

मी जाण्याआधीच दादांनी रावपुऱ्यातून एक चार्जर आणला होता. तीन पोर्ट, दोन यूएसबी-सी, म्हणजे लहान लंबगोल तोंडाचे, आणि एक जुन्या चौकोनी तोंडाचा, वर ठळक अक्षरांत ६५ वॅट. चौदाशे रुपये. त्यांचं गणित सरळ होतं: माझा फोन ६७ वॅटचा, हा ६५चा, म्हणजे जवळजवळ तेच, आणि एकातच तिघांचं भागेल.

आठवडाभरात तिघंही वैतागले. दादांचा फोन स्वतःच्या चार्जरवर जितक्या लवकर भरायचा, त्याच्या निम्म्या वेगानेही भरेना. एम-३४ आणि रेडमी एकदम लावले की दोन्ही रडतखडत चालत. आणि प्रिंटर तर सी-टू-सी, म्हणजे दोन्ही टोकांना सी असलेल्या, केबलने मुळीच चार्ज होईना, त्यामुळे सगळ्यांना वाटलं प्रिंटरच गेला.

मी आकडा दाखवणारी केबल घेऊन गेलो. तीनशे-चारशे रुपयांची ही केबल, तिच्या टोकाला छोटा पडदा असतो आणि किती वॅट जात आहेत ते दिसतं. पाऊण तास तिथेच बसलो. जे दिसलं ते कारणांसकट सांगतो, कारण चार्जर घेताना बहुतेक लोक इथेच फसतात.

खोक्यावरचा ६५ हा आकडा एकच पोर्ट वापरला तरचा होता. चार्जरच्या पाठीवर, भिंग लागेल अशा अक्षरांत, वाटणी छापली होती: दोन्ही सी लावले तर ४५ आणि २०, तिन्ही लावले तर पहिल्या सीला ४५, आणि दुसरा सी व जुना पोर्ट मिळून ५ व्होल्ट, ३ अँपिअर. म्हणजे दोघांत मिळून १५ वॅट. दुपारी दोनला वहिनींचा फोन पहिल्या सीला असायचा, मुलांचे फोन उरलेल्या दोन पोर्टांना. एकेकाच्या वाट्याला सात-साडेसात वॅट येत होते. एम-३४ची बॅटरी ६००० एमएएचची आहे, साधारण २३ वॅट-तास. पाऊण तासात १८ टक्क्यांवरून तो ३६वर पोचला. संध्याकाळची फेरी नकाशा लावून करायची, तर हे पुरणार कसं?

दुसरं कारण पीपीएस. यूएसबी-सीच्या पॉवर डिलिव्हरी या पद्धतीत, जिला सगळे पीडी म्हणतात, चार्जर आणि फोन आधी बोलणी करतात. चार्जर आपल्याकडचे व्होल्ट सांगतो, सहसा ५, ९, १५ आणि २०, आणि फोन त्यातला एक मागतो. पीपीएस ही त्याच पीडीतली पुढची सोय, तिच्यात फोनला ठरलेल्या पायऱ्यांवर थांबावं लागत नाही. २० मिलिव्होल्टच्या बारीक टप्प्यांनी हवा तेवढा दाब मागता येतो आणि फोनमधली उष्णता कमी होते. सॅमसंगचं २५ वॅटचं सुपर फास्ट चार्जिंग या पीपीएसवरच चालतं. चार्जरमध्ये ते नसेल तर तो कितीही वॅटचा असो, फोन १५ वॅटच्या आसपास थांबतो. दादांनी आणलेल्या चार्जरमध्ये पीपीएस नव्हतं. वहिनींच्या पडद्यावर कधीच 'सुपर' हा शब्द का येत नव्हता, त्याचं उत्तर मिळालं.

तिसरं, दादांचा फोन. वनप्लसची सुपरवूक ही स्वतःची पद्धत आहे. तिला त्यांचाच चार्जर लागतो आणि त्यांचीच जाड केबल लागते, दोन्हीपैकी एक बदललं तरी वेग जातो. ६५ आणि ६७ हे आकडे शेजारी दिसले म्हणून सोयरे होत नाहीत.

आणि प्रिंटर. सी-टू-सी केबलमध्ये पलीकडे उपकरण आहे हे कळल्याशिवाय चार्जर वीजच सोडत नाही. ते कळण्यासाठी उपकरणात ५.१ किलो-ओहमचे दोन चिमुकले रेझिस्टर लागतात. स्वस्त वस्तूंमध्ये पुष्कळदा तेच गाळलेले असतात. अशी वस्तू जुन्या चौकोनी पोर्टाच्या केबलवर व्यवस्थित चार्ज होते. प्रिंटर ठणठणीत होता.

पिठाचा खडा

एवढं झाल्यावर मी वहिनींचा फोन दादांच्याच चार्जरला, एकट्याला, पहिल्या सीवर लावला. १५ वॅट तरी दिसायला हवे होते. आकडा चढायचा, पडायचा, शून्यावर जायचा. पिन आत बसताना जी हलकी 'टक' जाणवते, ती जाणवत नव्हती. पिन अर्धा मिलिमीटर बाहेरच राहत होती.

फोन बंद केला, खिडकीजवळ नेला, मोबाइलच्या टॉर्चने आत पाहिलं. तळाशी पांढुरकं काहीतरी दिसलं. लाकडी टूथपिक घेऊन कडेकडेने हलक्या हाताने उकरलं, धातूची टाचणी मुद्दाम नाही वापरली. तांदळाच्या दाण्याच्या निम्मा, घट्ट, पिवळट खडा बाहेर पडला. कणीक. रोज दीडशे-दोनशे पोळ्या लाटणाऱ्या हातांनी, ॲप्रनच्या खिशात ठेवलेला फोन. पीठ आत गेलं, वाफेने ओलावलं, आणि प्रत्येक वेळी पिन खुपसताना आणखी ठासलं गेलं. सहा-आठ महिन्यांचं काम असावं.

वहिनींनी तो खडा तळहातावर घेतला आणि बराच वेळ पाहत राहिल्या. "एवढ्याशा कणकेसाठी आम्ही चौदाशे रुपये घातले," म्हणाल्या. पूर्ण खरं नव्हे, पण त्या फोनापुरतं खरं. पोर्ट साफ झाल्यावर आकडा १५ला जाऊन स्थिर राहिला.

मल्टिप्लगचं काय

काकूंचा प्रश्न वेगळा घेतला, कारण तो वेगाचा नव्हता, सुरक्षेचा होता. ६५ वॅटचा चार्जर पूर्ण जोरात चालला तरी २३० व्होल्टवर अर्ध्या-पाऊण अँपिअरच्या वर फारसा जात नाही. घरातले सगळे चार्जर मिळूनही दोन अँपिअर होत नव्हते. बोर्ड ६ अँपिअरचं. चार्जरच्या ओझ्याने मल्टिप्लग वितळणं शक्यच नव्हतं. पण त्याच मल्टिप्लगवर साडेसातशे वॅटचा मिक्सर चालायचा, आणि आतल्या पितळी पट्ट्या सैल झाल्या होत्या. सैल सांध्यातून वीज गेली की तिथे ठिणगी आणि उष्णता, बाकी काही नाही. मी तो फोडून काकूंना दाखवला. पट्टी एका बाजूला काळीनिळी पडली होती, आणि ती मिक्सरची बाजू होती. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि मिक्सरसाठी वेगळा पॉइंट काढायला लगेच इलेक्ट्रिशियन बोलवायला सांगितलं.

तपासलेले पर्याय

पहिला विचार प्रत्येकाला आपापल्या कंपनीचा चार्जर घेण्याचा. वेगाची खात्री, डोक्याला ताप नाही. पण सॅमसंग आणि ॲपल आता फोनच्या खोक्यात चार्जर देत नाहीत, म्हणजे नवे विकत घ्यायचे आणि प्रत्येकाला वेगळं सॉकेट शोधायचं. या भिंतीवर तेवढी जागाच नव्हती.

लेकीचा आग्रह एका मोठ्या चार्जरचा होता: शंभर वॅटच्या वरचा, चार पोर्टांचा, गॅलियम नायट्राइडचा, ज्याला दुकानदार 'गॅन' म्हणतात. या चार्जरमध्ये आतले स्विच सिलिकॉनपेक्षा जास्त वेगाने चालतात आणि कमी तापतात, म्हणून डबी लहान होते. तिचा मुद्दा चुकीचा नव्हता. मी तरी विरोध केला, आणि तो किमतीसाठी नव्हता, साडेपाच हजार सांगत होते तरी. सगळं घर एका डबीवर टांगायचं म्हणजे ती बिघडली की साठ डबे अडले. शिवाय अशा चार्जरला नवा फोन लावला किंवा काढला की वाटणी पुन्हा होते. क्षणभर सगळ्यांचं चार्जिंग थांबून पुन्हा सुरू होतं आणि कुणाचा तरी वाटा घटतो. तिचा आयपॅड तिच्या खोलीत, मुलांचे फोन मागल्या दारी. एकत्र आणून फायदा काय?

यानंतर आम्ही कागद घेतला, आणि माझ्या मते या प्रकरणातला खरा निर्णय तिथे झाला. वॅट लिहायचे नाहीत असं मी सांगितलं. प्रत्येक वस्तूपुढे फक्त एवढंच: ती चार्जिंगला किती वेळ मोकळी असते? वहिनींचा फोन: दुपारी तासभर. मुलांचे: पाऊण तास. दादांचा: सकाळी अंघोळ-पूजा होईपर्यंत. टॅब: रात्री दहा ते सकाळी सहा. आयफोन, आयपॅड: रात्रभर, कधी घाईत अर्धा तास. प्रिंटर: केव्हाही.

कागद भरला आणि घाई फक्त तीन फोनांना आहे हे सगळ्यांना एकदम दिसलं. टॅब ए-९ प्लस तसाही १५ वॅटच्या वर घेत नाही. त्याला शंभरचा चार्जर लावला तरी तो १५च मागणार. चार्जर ढकलत नसतो, फोन ओढून घेतो. 'मोठ्या चार्जरने बॅटरी फुगेल का' या दादांच्या शंकेचं उत्तरही हेच.

निर्णय आणि अंमलबजावणी

तिघांपैकी दोन सॅमसंग, दोघंही २५ वॅटचे. म्हणून असा चार्जर हवा होता, ज्याचे दोन्ही पोर्ट एकदम वापरल्यावरही प्रत्येकाला किमान २५ मिळतील आणि दोन्हीकडे पीपीएस चालेल. दुकानात नुसता '६५ वॅट, पीपीएस' एवढा शोध घेतला तर ४५ आणि २० वाटणीचा हाती येतो, मग एक फोन धावतो आणि दुसरा मागे राहतो. चार दुकानं फिरल्यावर ३० आणि ३० वाटणीचा मिळाला. पाठीवर पीपीएसची ओळही होती, ३.३ ते ११ व्होल्ट. दुकानदाराला विचारून खोकं तिथेच उघडलं, बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं, चिन्ह आणि इंग्रजी 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहिला, बीआयएस केअर ॲपमध्ये घातला, उत्पादकाचं नाव जुळलं. मग बावीसशे रुपये दिले. भारतात हे चिन्ह अडॅप्टरला सक्तीचं आहे. ते नसलेला चार्जर कितीही स्वस्त मिळाला तरी मी लाकडी वाड्यात लावू देणार नाही.

लेकीला ४० वॅटचा, दोन्ही पोर्टांना २०-२० देणारा छोटा चार्जर. आयफोन १३ला ॲपल २० वॅट किंवा जास्तीचा चार्जर सांगते, अर्ध्या तासात ५० टक्क्यांपर्यंत. आयपॅडच्या खोक्यात येतो तोही २०चाच. तिची लाइटनिंगची केबल चांगली होती, ती तशीच ठेवली.

रेडमीच्या मुलाचा ३३ वॅटचा चार्जर त्याच्या घरी पडून होता. तो इथेच आणून ठेव म्हटलं. त्याला पैसा लागला नाही. दादांनी आपला ६७चा जोड, चार्जर आणि केबल, पुन्हा काढला. टॅबला जुना १५ वॅटचा. प्रिंटरला आणखी जुना, चौकोनी पोर्टाचा, जो दादा भंगारात टाकणार होते.

केबलींनी थोडा घोळ घातला. साधी सी-टू-सी केबल ३ अँपिअरपर्यंत चालते, म्हणजे ६० वॅट. ५ अँपिअरला आत ओळख सांगणारी चिप लागते आणि किंमत वाढते. आमच्या २५ वॅटच्या फोनांना साधी, चांगल्या बनावटीची पुरत होती. दुकानदार महागातली घ्याच म्हणत होता, घेतली नाही. दादांची लाल टोकाची केबल मात्र कुणीही उचलायचं. वहिनींनी तिला हिरव्या बांगडीचा तुकडा बांधला. इतर केबलींना वेगवेगळ्या रंगांचे नाडे.

चार्जिंगची जागाही हलवली. आधी फोन ओट्यावर, शेगडीपासून हातभर अंतरावर असायचे. मे महिन्यात बडोद्यात पारा चाळिशी ओलांडतो, स्वयंपाकघरात त्याहून जास्त. फोन तापला की तो स्वतःच वीज कमी घेतो, कधी चार्जिंग थांबवून तशी सूचना देतो. माजघरातल्या पंख्याखाली कोनाड्याजवळ नवं बोर्ड बसवलं. फोनचं जाड कव्हर काढून ठेवायचं, असा नियम वहिनींनीच केला.

पुढे काय झालं

पहिल्या दुपारी एम-३४ १८ टक्क्यांवर लावला. पडद्यावर 'सुपर फास्ट' आलं तेव्हा मुलाने फोटो काढून मित्राला पाठवला. पाऊण तासाने ७१. वहिनींचा त्याच वेळी २६वरून ८४. पहिली वीस मिनिटं आकडा २४-२५वर होता, मग उतरत गेला. लिथियम बॅटरी भरत आली की वेग कमी करणं भागच असतं, त्यात चार्जरचा दोष नाही. शंभर करायच्या नादात थांबू नका, हे मुलांना तेव्हाच सांगून ठेवलं.

खरी कसोटी गणपतीत लागली. उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी, रात्री अकरापर्यंत फेऱ्या. दहा दिवसांत एकदाच एक फोन बंद पडला, तोही मुलगा दुपारी आलाच नव्हता म्हणून. त्या आजींचा डबा आता साडेसातला पोचतो. त्यांनी निरोप पाठवला होता, डबा जरा उशिरा आला तरी चालेल, आठला बातम्या असतात.

सगळं सुटलं असं नाही. लेक कधी कॉलेजहून दुपारी लवकर आली की आयपॅड माजघरातल्या चार्जरला लावते आणि मुलांपैकी एकाची जागा जाते. यावरून एकदा भांडण झालं.

वेगळं काय करता आलं असतं

दादांनी चार्जर आणण्याआधी दोन गोष्टी फुकटात पाहता आल्या असत्या: पोर्टमधला कचरा आणि केबल. मी स्वतः गेलो तेव्हाही आधी चार्जरच उलटसुलट करून पाहिला, पोर्ट नंतर. क्रम उलटा हवा होता. वहिनींच्या त्या फोनात अर्धा तास वाचला असता.

पहिला चार्जर परत करता आला असता का, याचा विचार आम्ही उशिरा केला. खोकं फेकलं होतं, दुकानाची मुदत सरली होती. तो आता दादांच्या लॅपटॉपला लागतो. एकटा लावला की ४५च्या वर देतो, तिथे तो बरा आहे. म्हणजे चार्जर वाईट नव्हता, या घराच्या दुपारी दोनसाठी चुकीचा होता.

रेडमीच्या मुलाबाबत मी अजून अस्वस्थ आहे. चार्जर त्याचा स्वतःचा, पण राबतो या घराच्या कामासाठी. त्याच्या घरी आता त्याचा फोन भावाच्या जुन्या चार्जरवर रात्रभर लागतो. मी वहिनींना म्हटलं, त्याला एक वेगळा घेऊन द्यायला हवा होता, तेव्हाच. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. दिवाळीच्या बोनसच्या पाकिटाबरोबर त्यांनी त्याला ३३चाच नवा चार्जर दिला, केबलला पिवळा नाडा बांधून.